मी ‘होय’ म्हटले, तरी ते मागे का गेले? : व्हिडिओ गेमचे कंट्रोलर आणि मेन्यू समजून घेताना

गणपतीत मालवण तालुक्यातील आमच्या घरी मुंबईहून चाकरमानी आले, तेव्हा पुतण्याने गेमचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळण्याचे यंत्र, बरोबर आणले होते. रात्रीची आरती आणि जेवणे आटोपल्यावर बासष्ट वर्षांच्या काकी हौसेने मुलांमध्ये येऊन बसल्या. काकी बचत गटाचे हिशेब ठेवतात आणि विजेचे बिल फोनवरून भरतात, त्यामुळे यंत्राची भीती त्यांना नाही. खेळ सुरू होण्याआधी यंत्राने त्यांचे नाव विचारले. त्यांनी एकेक अक्षर शोधून नाव लिहिले, होकाराचे म्हणून एक बटण दाबले, आणि पडदा मागच्या पानावर जाऊन लिहिलेले नाव पुसले गेले. दुसऱ्या वेळीही तेच झाले. “मी होय म्हणतंय आणि ह्यां माका मागे कित्याक ढकलता?” असे विचारून त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. खेळ अजून सुरूही झाला नव्हता.

काकींची चूक काहीच नव्हती. आदल्या वर्षी मुलांनी दुसऱ्या कंपनीचे यंत्र आणले होते, त्यावर उजवीकडच्या बटणाने होकार द्यायचा असतो हे त्यांनी नीट लक्षात ठेवले होते, आणि नेमके ते लक्षात ठेवणेच या वर्षी त्यांना नडले. असा अनुभव घरोघरी येतो आणि माणसे ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून बाजूला होतात. मला हे मनापासून खटकते, कारण या अडचणींमागची कारणे समजण्यासारखी आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच अडचणी घरच्या घरी दूर करता येतात.

एकाच जागेच्या बटणाला दोन अर्थ कसे आले

कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचे बटणांचे साधन. नव्वदच्या दशकात कॅसेट बसवून चालणारी यंत्रे आपल्याकडे आली, तेव्हा आपण त्याला सरसकट ‘रिमोट’ म्हणत असू. ती यंत्रे बहुतांशी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. 1983 साली आलेल्या मूळ फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांची कळ होती आणि उजवीकडे ‘ए’ व ‘बी’ अशी दोन मोठी बटणे होती. ही दिशांची कळ गुनपेई योकोई यांनी आदल्याच वर्षी हातात मावणाऱ्या एका छोट्या खेळासाठी घडवली होती. मधल्या दोन लहान बटणांपैकी एकाने पर्याय बदलायचा आणि दुसऱ्याने खेळ सुरू करायचा. मेन्यू म्हणजे पडद्यावरची पर्यायांची यादी, आणि त्या काळी तिच्यात ‘एक खेळाडू’ आणि ‘दोन खेळाडू’ यांपलीकडे फारसे काही नसे.

1990 साली निन्टेन्डोच्याच पुढच्या यंत्रावर उजवीकडे चार बटणे शंकरपाळ्याच्या चार टोकांसारखी मांडली गेली आणि पुढे बहुतेकांनी तीच मांडणी उचलली. मात्र त्या चार जागांना काय म्हणायचे, यावर कंपन्यांचे एकमत झाले नाही. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ‘ए’ उजवीकडे आणि ‘बी’ खाली असते. मायक्रोसॉफ्टने 2001 साली एक्सबॉक्स आणला, त्यावर ‘ए’ खाली आणि ‘बी’ उजवीकडे आहे. दोन्हीकडे ‘ए’ म्हणजे होकार आणि ‘बी’ म्हणजे माघार असल्यामुळे, एका यंत्रावर होकार देणारा अंगठा दुसऱ्या यंत्रावर नकळत माघार घेतो.

सोनीची गोष्ट याहून वेगळी आहे. 1994 साली आलेल्या प्लेस्टेशनवर अक्षरांऐवजी त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन अशा आकृत्या आहेत. त्या योजणारे तेइयू गोतो यांनी सांगितल्याप्रमाणे वर्तुळ म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार. जपानी शाळांत बरोबर उत्तराला वर्तुळ आणि चुकलेल्या उत्तराला फुली करतात, त्यामुळे तिथे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. अमेरिका आणि युरोपात मात्र खालच्या फुलीने होकार आणि वर्तुळाने माघार असा उलटा प्रघात पडला आणि भारतात येणारी यंत्रेही त्याच प्रघाताची आहेत. पुढे 2020 साली आलेल्या प्लेस्टेशन 5 वर सोनीने जपानमध्येही फुलीच होकारासाठी ठरवली, आणि सव्वीस वर्षांची सवय तिथल्या खेळाडूंना एकाएकी मोडावी लागली. आपल्याकडे गुरुजी चुकलेल्या गणितावर लाल फुली मारतात. त्या फुलीवर अंगठा दाबून ‘होय’ म्हणायचे, हे आपल्या मुलांनाही आधी शिकावेच लागते.

‘एक्स’सारखे दिसणारे चिन्ह तर तीन कंपन्यांच्या कंट्रोलरवर तीन ठिकाणी आहे: निन्टेन्डोवर वर, एक्सबॉक्सवर डावीकडे आणि प्लेस्टेशनवर फुलीच्या रूपात खाली. त्यात संगणकावरचे पुष्कळ खेळ, हातात कोणताही कंट्रोलर असला तरी, पडद्यावर एक्सबॉक्सचीच अक्षरे दाखवतात. हातात आकृत्या आणि पडद्यावर अक्षरे अशी स्थिती झाली, की नव्या माणसाने कोणत्या आधाराने बटण दाबायचे?

पडद्यावर बोट नसते, चौकट असते

फोनवर आपण हवे त्या चित्रावर बोट ठेवतो. कंट्रोलरने असे करता येत नाही. पडद्यावरच्या पर्यायांपैकी एकाभोवती चौकट असते किंवा तो उजळलेला असतो, आणि दिशेची कळ दाबली की ती चौकट शेजारच्या पर्यायावर सरकते. या चौकटीला ‘फोकस’ म्हणतात. मी पुढे चौकट असेच म्हणेन.

भाताच्या कुणग्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांतून, चालण्यासारखा हा प्रकार आहे. कावळा पहिल्या कुणग्यातून थेट पलीकडच्या माडावर जाऊन बसतो, माणसाला मात्र बांधाबांधाने जावे लागते. माउस आणि बोट कावळ्यासारखे, तर कंट्रोलरची चौकट बांधावरच्या माणसासारखी. बांध सरळ आखलेले असले, म्हणजे पर्याय एकाखाली एक नीट मांडलेले असले, की चालणे सोपे जाते. पण पडद्यावर लहानमोठी चित्रे वेड्यावाकड्या मांडणीत असतील, तर ‘उजवीकडे’ म्हटल्यावर चौकट नेमकी कुठे जाणार हे फक्त मेन्यू घडवणाऱ्याला ठाऊक असते. असे बरेच मेन्यू माउससाठी आखून नंतर कंट्रोलरला जोडलेले असतात, आणि ते वापरताना लगेच कळते.

त्यातही एक दोष मला सर्वांत अक्षम्य वाटतो. ‘साठवलेला खेळ पुसायचा का?’ असे विचारून यंत्र ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय दाखवते. एक पांढरा, एक पिवळा. यातला निवडलेला कोणता? तीन पर्याय असते, तर वेगळ्या रंगाचा तोच निवडलेला हे कळले असते, पण दोनांत दोन्हीही वेगळेच दिसतात. आठवडाभराची मेहनत पुसली जाईल अशा क्षणी माणसाला अंदाजाने बटण दाबावे लागते. निवडलेल्या पर्यायाला जाड चौकट किंवा पुढे बाण दिला, तर हा प्रश्न मिटतो. तोवर उपाय एवढाच, की दिशेची कळ एकदा दाबावी आणि कोणता रंग कुठून कुठे सरकला ते पाहून मगच होकार द्यावा.

मेन्यूच्या आत मेन्यू असतात, तेव्हा ते आपल्याकडच्या जुन्या घरासारखे होतात. ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात आणि तिथून मागच्या पडवीत गेल्यावर विहीर दिसते. वाट माहीत असलेल्याला त्यात काही वाटत नाही, पाहुण्याला मात्र प्रत्येक दारात थबकावे लागते. आवाज कमी करणे ही रोजची गरज, पण पुष्कळ खेळांत ती मागच्या परसात ठेवलेली असते. वरच्या ओळीतली पाने उलटण्यासाठी कंट्रोलरच्या माथ्यावरची, तर्जनीखालची बटणे वापरावी लागतात. ती समोरून दिसत नाहीत, आणि ती मेन्यूतही चालतात हे कोणी सांगेपर्यंत कळत नाही.

मचव्याचे इंजिन आणि माउस

चौकटीचा त्रास टाळण्यासाठी काही खेळ पडद्यावर माउससारखा बाण देतात आणि कंट्रोलरवरच्या छोट्या दांडीने तो हलवायला सांगतात. या दांडीला बोलीत जॉयस्टिक म्हणतात. हा उपाय अनेकांना मूळ त्रासाहून जड जातो.

माउस चार बोटे सरकवला, तर बाण त्या प्रमाणात तेवढाच सरकतो. हात थांबला की बाण थांबतो. दांडीचे तसे नसते. दांडी ढकलली की बाण चालू लागतो आणि ती धरून ठेवेपर्यंत चालतच राहतो. जास्त ढकलणे म्हणजे जास्त अंतर नव्हे, जास्त वेग. माउसने आपण जागा सांगतो, दांडीने वेग सांगतो. मचवा धक्क्याला लावणारा तांडेल इंजिन धक्क्याला टेकल्यावर बंद करत नाही, आधीच अंदाज घेऊन कमी करतो. दांडीने बाण हलवणाऱ्याला प्रत्येक पर्यायापाशी हेच कौशल्य लागते. नवा माणूस बाण पुढे नेतो, मागे आणतो, पुन्हा पुढे नेतो, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यांना वाटते की त्याचा हात स्थिर नाही.

पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 साली दाखवून दिले, की एखाद्या ठिकाणी नेम धरून हात नेण्याचा वेळ त्या ठिकाणाच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. लांबचे आणि लहान ठिकाण गाठायला जास्त वेळ लागतो. म्हणून चांगल्या खेळांत बटणे मोठी असतात आणि बाण बटणावर आला की आपोआप मंदावतो. ही काळजी न घेता संगणकावरची बारीक बटणे तशीच टीव्हीवर आणली, तर दहा फुटांवर बसलेल्या माणसाला आधी ती वाचताच येत नाहीत, आणि वाचता आली तरी गाठता येत नाहीत.

अक्षरे लिहिण्याचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा करून पाहावा. पडद्यावर इंग्रजी टंकफलकाच्या, म्हणजे कीबोर्डच्या, तीन ओळी सरळ रांगांत मांडल्या आहेत आणि चौकट वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या ‘क्यू’वर आहे असे धरू. ‘मालवण’ हे नाव इंग्रजी सहा अक्षरांत लिहायचे, तर पहिल्या ‘एम’पर्यंत 8 पावले, तिथून ‘ए’पर्यंत 7, मग ‘एल’पर्यंत 8, ‘व्ही’पर्यंत 6, पुन्हा ‘ए’पर्यंत 4 आणि ‘एन’पर्यंत 6, अशी 39 पावले होतात. प्रत्येक अक्षराला होकाराचे एक बटण धरले, तर एकूण 45 वेळा दाबावे लागते. खऱ्या टंकफलकावर हेच काम 6 वेळा दाबून होते. वायफायचा लहानमोठ्या अक्षरांचा, आकड्यांचा आणि चिन्हांचा पासवर्ड याच पद्धतीने लिहिणारा माणूस शेवटच्या अक्षरावर चुकला, तर त्याचा संताप रास्त आहे. बहुतेक नव्या यंत्रांना साधा यूएसबी कीबोर्ड जोडता येतो. एवढ्या कामापुरता तो शेजाऱ्याकडून मागून आणला तरी पुरे.

वर ढकलले की खाली का जाते

काही जणांना दांडी वर ढकलल्यावर दृश्य वर सरकलेले हवे असते, तर काहींना नेमके उलटे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. होडीच्या सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला, तर होडी डावीकडे वळते, आणि ज्याचे बालपण होडीत गेले त्याला यात काही विचित्र वाटत नाही. गाडीच्या चाकावर वाढलेल्याला तेच उलटे वाटते. विमानातही दांडी मागे ओढली की नाक वर उठते. आपण डोके वळवत आहोत की मागचा दांडा ढकलत आहोत, याचे जे चित्र मनात असते त्यावर हाताची अपेक्षा ठरते. जवळजवळ सर्व खेळांत ही दिशा उलटी करण्याची सोय असते. तिचे नाव ‘इन्व्हर्ट’ किंवा ‘वाय अक्ष उलटा’ अशा अर्थाचे असते. खेळ बंद करण्याआधी ती एकदा बदलून पाहावी.

हात लावला नाही तरी चौकट सरकते

ही अडचण समजुतीची नाही, झिजेची आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तिच्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. बहुतेक कंट्रोलरमध्ये दांडीखाली कार्बनची एक पट्टी असते आणि दांडीबरोबर हलणारा धातूचा बारीक स्पर्शक तिच्यावर घासत जातो. तो पट्टीवर कुठे आहे, यावरून यंत्राला दांडीची दिशा कळते. हजारो वेळा घासून पट्टी झिजते, तिच्यावर कचरा साठतो, आणि दांडी मध्यभागी असतानाही यंत्राला ती कलल्यासारखी वाटते. मग चौकट आपोआप खाली घसरत राहते. याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राच्या कंट्रोलरबाबत ही तक्रार इतकी वाढली, की 2020 साली कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त केली.

किनाऱ्यावर पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो, आणि हवेतला खारेपणा बाराही महिने असतो. मीठ ओलावा धरून ठेवते आणि धातूला गंज चढवते, हे आपल्याकडे खिडकीच्या गजांपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळीकडे दिसते. कंट्रोलरमधले बारीक स्पर्शबिंदू त्याला अपवाद नाहीत. खेळून झाल्यावर कंट्रोलर पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. तांदळात पुरून ठेवू नये. पीठ आणि धूळ फटींत जाऊन बसते.

ड्रिफ्ट सुरू झाला असेल, तर खेळाच्या किंवा यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘डेड झोन’ शोधावा. मध्यभागाच्या आसपास दांडी जितकी हलली तरी यंत्राने दुर्लक्ष करावे, त्या भागाला डेड झोन म्हणतात. तो थोडा वाढवला की चौकटीचे घसरणे थांबते, मात्र बारीक हालचालीची अचूकता तेवढी कमी होते. मेन्यूपुरता आणखी सोपा मार्ग म्हणजे दांडी सोडून दिशांच्या कळीने फिरणे. त्यामुळे दांडी जराशी तिरपी ढकलली गेल्याने भलताच पर्याय निवडला जाण्याचा त्रासही वाचतो.

कायमचा उपाय तंत्रात आहे. एडविन हॉल यांनी 1879 साली शोधलेल्या परिणामावर चालणारे, चुंबकाची जागा स्पर्शाविना ओळखणारे सेन्सर दांडीखाली बसवता येतात. घासणारा भागच नसल्यामुळे ते तसे झिजत नाहीत. सेगा कंपनीच्या 1998 सालच्या ड्रीमकास्ट या यंत्राच्या कंट्रोलरमध्ये चुंबकीय दांडी होतीच. इतक्या वर्षांनंतरही महागड्या यंत्रांबरोबर घासणारी पट्टीच मिळावी, हे ग्राहक म्हणून मला पटत नाही. नवा कंट्रोलर घेताना ‘हॉल सेन्सर’ हे शब्द खोक्यावर आहेत का, हे आवर्जून पाहावे.

‘सवयीने सगळे जमते’ असे म्हणणाऱ्यांना

हे अर्धे खरे आहे. सवयीने जमते, पण सवय एका मांडणीची होते, आणि ती जितकी पक्की होते तितकी दुसऱ्या मांडणीवर जास्त अडते. काकींच्या बाबतीत घडले ते हेच. शिवाय ज्याचा एक हात चालत नाही किंवा ज्याची बोटे आखडली आहेत, त्याला बटण दाबून धरण्याची सवय कितीही केली तरी होत नाही. त्यांच्यासाठी 2018 साली मायक्रोसॉफ्टने वेगळा कंट्रोलर काढला, ज्याच्या मागे बाहेरची मोठी बटणे, पायाने दाबायच्या कळा वगैरे जोडण्यासाठी 19 खाचा आहेत. 2023 साली सोनीनेही त्या प्रकारचे साधन आणले.

‘फोनसारखा पडदा दिला की झाले’ असेही सुचवले जाते. पडद्याला हात लावण्यात थेटपणा आहे, हे मान्य. पण काचेवर बटणाची कड बोटाला लागत नाही, त्यामुळे नजर सतत बोटाकडे ठेवावी लागते, आणि अंगठ्याखाली दृश्याचा काही भाग झाकला जातो. धावत्या खेळात बटण न पाहता सापडणे ही कंट्रोलरची मोठी जमेची बाजू आहे. तो टाकून देण्यापेक्षा त्याचे मेन्यू सुधारणे मला जास्त योग्य वाटते.

घरी काय करता येईल

आजच्या मोठ्या यंत्रांवर बटणांची अदलाबदल करण्याची सोय आहे. ती बहुधा सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ किंवा ‘कंट्रोलर’ या नावाखाली मिळते. होकार आणि माघार यांची जागा तिथे एकदा बदलली, की ती सर्व खेळांना लागू होते. यात एक अडचण राहते: खेळाला ही अदलाबदल कळत नाही, म्हणून पडद्यावर तो जुनेच चिन्ह दाखवत राहतो. शिवाय त्याच कंट्रोलरवर जुन्या सवयीची मुले खेळणार असतील, तर त्यांचा गोंधळ होतो. ज्या यंत्रावर प्रत्येकाचे वेगळे खाते आणि खात्यागणिक वेगळी मांडणी ठेवता येते, तिथे तसे करावे.

आमच्या घरी मुलांनी मांडणी बदलली नाही. त्यांनी होकाराच्या बटणावर सुनेच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आणि तो नीट वाळू दिला. गौरीच्या दुसऱ्या दिवशी काकींनी दिशांच्या कळीने एकेक अक्षर गाठत नाव लिहिले, ठिपक्यावर अंगठा ठेवला, आणि पडद्यावरची गाडी त्यांच्या नावाची पाटी लावून सुरुवातीच्या रेषेवर येऊन उभी राहिली.